राजवाडा फ्रेमबाहेर

राजवाड्याचा फोटो काढायला आता फोटोग्राफर लागत नाही, असं आत्याचं म्हणणं आहे. सात मजले, त्यांतले खालचे तीन दगडी आणि वरचे चार लाकडी, समोरच्या बागेत अहिल्याबाईंचा पुतळा, संध्याकाळी रोषणाई. हा फोटो इंदूरला येऊन गेलेल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहे आणि सगळ्यांचा एकसारखाच आहे. "त्याच चौकात दुकानाच्या पायरीला टेकवलेली हमालाची सायकल बघ. तिचा फोटो कुणाकडे आहे का?" आत्या विचारते. भाच्याचं उत्तर तयारच असतं. "नाही. कारण तो कुणाला नकोय."

आत्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेली, रामबागेत राहणारी. भाचा आर्किटेक्ट. त्याचं ऑफिस विजयनगरच्या काचेच्या इमारतींच्या गर्दीत. रविवारी सकाळी दोघं कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपासून मल्हारगंजापर्यंत पायी हिंडतात, मध्ये पोहे-जलेबी होते आणि वाद तर सगळ्या वाटेवर. त्यांची नावं सांगून काही साधणार नाही. इंदुरातल्या पुष्कळ मराठी घरांत ही दोन मतं एकाच पंगतीला बसतात. एकाला शहराचं सौंदर्य म्हणजे होळकरांनी बांधलेलं ते सगळं वाटतं, तर दुसऱ्याला त्या बांधकामांच्या सावलीत रोज जे चालतं ते. इथे गंमत एवढीच की वयं उलटी आहेत. जुन्या दगडांची बाजू तरुण भाचा घेतो आणि चेनला ग्रीस लागलेल्या सायकलीची आत्या.

भाच्याची बाजू कच्ची नाही. "1801 मध्ये सर्जेराव घाटग्यांच्या फौजेनं राजवाडा जाळला. 1984 च्या दंगलीत तो पुन्हा जळला. अशी वास्तू परत उभी करायची म्हटली तर काय लागतं? मोजमापं लागतात, नकाशे लागतात, समोरून सरळ काढलेले, उभी रेषा उभीच दाखवणारे फोटो लागतात. तुझ्या सायकलीच्या फोटोवरून एक तुळईसुद्धा बसवता येणार नाही."

"तुळई बसेल रे तुझी. पण त्या तुळईखाली लोक काय करत होते, ते कुठल्या नकाशातून काढशील?"

असं अडलं की भाचा हुकमाचं पान टाकतो, लाला दीनदयाळ. हे पान त्याच्या हातात शोभतंही. सरधन्यात 1844 साली जन्मलेला हा माणूस रुडकीच्या थॉमसन कॉलेजात शिकला आणि 1866 मध्ये इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला लागला. काम होतं अंदाजपत्रकं करायचं आणि नकाशे काढायचं. कॅमेरा त्याच्या हातात आला तो 1874 च्या सुमारास. महाराज तुकोजीराव दुसरे आणि मध्य भारतातले ब्रिटिश एजंट सर हेन्री डेली यांनी पाठीवर हात ठेवला आणि इंदुरातच त्याचा पहिला स्टुडिओ उभा राहिला. पुढे 1882 मध्ये ब्रिटिश अधिकारी लेपेल ग्रिफिनबरोबर त्यानं मध्य भारतातल्या किल्ल्यांचे, देवळांचे फोटो घेतले. त्या फोटोंचा ग्रंथ 1886 मध्ये निघाला. 1885 मध्ये तो व्हाइसरॉयचा फोटोग्राफर झाला, मग हैदराबादला निजामाच्या दरबारी गेला आणि राजा दीनदयाळ झाला. एकोणिसाव्या शतकातला भारताचा सर्वांत नावाजलेला फोटोग्राफर घडला तो इंदूरच्या बांधकाम खात्यातल्या नकाशांच्या टेबलावर, याचा इंदूरकरांना जेवढा अभिमान असायला हवा तेवढा दिसत नाही.

"ड्राफ्ट्समन होता तो," भाचा म्हणतो. "म्हणून त्याच्या फोटोत इमारत नीट उभी राहते. आधी शिस्त, मग सौंदर्य."

"आणि त्या काळच्या वास्तूंच्या फोटोंत कोपऱ्यात एक माणूस उभा केलेला असतो, तो कशाला?"

"प्रमाण कळावं म्हणून. खांब केवढा, दार केवढं."

"मग माझी सायकल तेच काम करते," आत्या म्हणते. "साध्या काळ्या सायकलीचं चाक 28 इंची, हे सगळ्या देशाला ठाऊक आहे. भिंतीला सायकल टेकवलेली असली की तुझं दार किती उंच, ओटा किती वर, खिडकीची चौकट कुठे बसवलीय, सगळं त्या चाकावरून मोजून घे. माणूस उंच-बुटका असतो. चाक नसतं."

आर्किटेक्ट भाच्याला हे उत्तर मनापासून आवडलं होतं, पण त्यानं तसं दाखवलं नाही. 28 इंच म्हणजे सुमारे 71 सेंटीमीटर. फोटोवरून मापं काढणाऱ्याला फ्रेममध्ये एक ठरलेलं माप हवंच असतं, आणि टेकून ठेवलेली सायकल भिंतीच्या पातळीतच असल्यामुळे ते बरंच भरवशाचं ठरतं. मात्र दीनदयाळच्या सुरुवातीच्या इंदुरात ही सोय नव्हती. दोन सारख्या चाकांची आणि मागच्या चाकाला साखळी असलेली जी सायकल आज आपण सायकल म्हणून ओळखतो, ती इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्लीनं 'रोव्हर' या नावानं आणली 1885 मध्ये. इकडे दीनदयाळ व्हाइसरॉयचा फोटोग्राफर झाला त्याच वर्षी.

या सायकलीच्या रूपाबद्दल आत्याला थांबवणं कठीण जातं. वरची आडवी दांडी, मागे हमालीच्या ओझ्यासाठी जाडजूड कॅरियर, पूर्ण झाकलेली चेन, दोरीऐवजी लोखंडी सळ्यांवर चालणारे ब्रेक, मडगार्डवर पुसट झालेलं कंपनीचं चिन्ह. लहान पोरं सीटपर्यंत पोचत नसत, म्हणून दांडीखालून पाय घालून 'कैंची' चालवत. इंदुरात आजही पन्नाशीच्या पुढचा कुणीही 'कैंची' म्हटलं की गुडघ्यावरचा वण दाखवतो. आणि धार लावणारा तर सायकलीचं यंत्रच करतो. स्टँडवर चढवली, वर बसून पायडल मारलं की पट्ट्यावरून दगड फिरतो आणि ठिणग्या उडतात. जाग्यावर उभी असूनही चालणारी सायकल! फोटोग्राफरला याहून काय हवं, असं आत्याचं म्हणणं.

भाचा आठवण करून देतो की दूधवाले केव्हाच मोटरसायकलवर गेले आणि अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना 2020 मध्ये बंद पडला, तोही नेमका 3 जूनला, जागतिक सायकल दिनी. "तू संपलेल्या गोष्टीचे फोटो काढतेस." हे मात्र खरं नाही, आणि इथे आत्याची बाजू आकडेच घेतात. 2011 च्या जनगणनेत देशातल्या 44.8 टक्के घरांत सायकल होती आणि 2019 ते 2021 मधल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हे प्रमाण सुमारे निम्म्या घरांपर्यंत पोचलं. सायकल घरांतून गेलेली नाही. ती गेली आहे आपल्या नजरेतून, म्हणजे ज्यांच्या घरी गाडी आली त्यांच्या नजरेतून.

फोटो काढायचा कसा, यावर मात्र दोघांचं बऱ्यापैकी जमतं. मोबाइलच्या अतिरुंद लेन्सनं सायकल काठाला ठेवून फोटो काढला तर चाक अंड्यासारखं ताणलं जातं आणि इमारत मागे कलते. तेव्हा चार पावलं मागे जायचं, दुप्पट झूमची लेन्स घ्यायची आणि मोबाइल छातीच्या उंचीवर अगदी सरळ धरायचा. सायकल बरोबर बाजूनं घेतली तरच चाकाचा गोल गोल राहतो. ऊन तिरपं असावं, सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर. तेव्हा चाकाच्या तारांची सावली भिंतीवर लांब पडते आणि एकाची दोन चाकं होतात. उजेडाचं माप भिंतीवरून घ्यायचं. काळ्या सायकलीवरून घेतलं तर चुन्याची भिंत पांढरीफटक होऊन तिचे सगळे पोपडे नाहीसे होतात. चालती सायकल पकडायची तर शटर सेकंदाच्या तिसाव्या भागाइतका मंद ठेवून कॅमेरा तिच्याबरोबर फिरवायचा. मग स्वार स्पष्ट येतो आणि दुकानं वाहून जातात. आत्याला उलटं आवडतं. इमारत स्थिर ठेवायची आणि सायकल वाहू द्यायची. फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँनं 1932 मध्ये फ्रान्समधल्या इएर गावी जिन्याच्या वरच्या टोकाला उभं राहून हेच केलं होतं. खाली जिन्याचं वळण, कठड्याच्या रेषा, रस्त्याची कड आणि त्या सगळ्यांच्या मधल्या फटीतून सुटलेला एक अस्पष्ट सायकलस्वार. जिना मिळाला, कोन मिळाला, आता सायकल येईपर्यंत थांबायचं. बोहरा बाखलीच्या जुन्या वस्तीत असे जिने पुष्कळ आहेत. थांबायला तयार असणारे कमी.

वाद खरा पेटतो तो पुढे, अमेरिकन फोटोग्राफर विल्यम एगल्स्टनच्या एका चित्रावरून. मेम्फिसच्या कुठल्याशा घरासमोर उभी असलेली लहान मुलाची तीनचाकी, 1970 च्या सुमाराची. त्यानं कॅमेरा जमिनीलगत ठेवला, त्यामुळे ती गंजकी तीनचाकी मागच्या घराहून मोठी, एखाद्या स्मारकासारखी दिसते. 1976 मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं काढलेल्या त्याच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर हाच फोटो होता. आत्याच्या मते रोजच्या वस्तूकडे कसं बघावं याचा हा धडा आहे.

"आणि 2012 च्या लिलावात त्याच फोटोची एक मोठी प्रत 5,78,500 डॉलरना गेली," भाचा म्हणतो. "ती तीनचाकी ज्या पोराची होती त्याला काय मिळालं? आत्या, तुला हमालाची सायकल सुंदर दिसते, कारण तुला ती चालवायची नसते. मे महिन्यात सियागंजातून पोती घेऊन जाऊन बघ. मग ते पुसट चिन्ह, तो गंज, ती तुटकी सीट, सगळ्याचं सौंदर्य उतरेल. गरिबीला चौकट लावून दिवाणखान्यात टांगायचं, याला मी कला म्हणत नाही."

आत्या लगेच बोलत नाही. तिचं माहेर परदेशीपुऱ्याच्या अंगाला, गिरण्यांच्या पट्ट्यातलं. मालवा मिल, हुकुमचंद, राजकुमार, कल्याणमल, स्वदेशी, भंडारी ही नावं तिला पाढ्यासारखी येतात. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की फाटकातून सायकलींचा लोंढा सुटे. घंट्यांचा आवाज आधी यायचा, माणसं मागून. हुकुमचंद मिल 1990 च्या दशकाच्या आरंभी बंद पडली आणि कामगार हक्काच्या पैशांसाठी तीस वर्षांहून अधिक काळ कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिले. 25 डिसेंबर 2023 रोजी सुमारे 4,800 कामगारांच्या देण्यांचे 224 कोटी रुपये मंजूर होऊन धनादेश सुपूर्द झाला. तोवर कित्येक जण गेले होते आणि पैसे वारसांच्या वाट्याला आले.

"त्या गिरण्यांच्या अनंत चतुर्दशीच्या झांक्यांचे फोटो पुष्कळ आहेत," आत्या म्हणते. "रोषणाईचे आहेत, शेठजींचे आहेत, हुकुमचंद शेठजींच्या काच मंदिराचे तर हजारो. पण फाटकाबाहेरच्या सायकलींच्या रांगा कुठे बघायला मिळतात मला सांग. तेव्हा कुणाला त्या सुंदर वाटल्या नाहीत, म्हणून कुणी काढल्या नाहीत. तू म्हणतोस तसं सगळे सभ्यपणे मान वळवून उभे राहिले."

इथे लेखकाचं माप भाच्याच्या बाजूला थोडं झुकतं, पण त्याच्या निष्कर्षाकडे नाही. झिजलेलं म्हणून सुंदर, ही फार सोपी वाट आहे. पोपडे उडालेली निळी भिंत, गंजकं कुलूप, म्हाताऱ्याचे सुरकुतलेले हात यांचे फोटो समाजमाध्यमांवर रोज शेकड्यांनी पडतात आणि त्यांतल्या कुठल्याच भिंतीचा पत्ता कुणाला सांगता येत नाही. आत्याच्या जुन्या फोटोंतही अशी काही भरती आहे, हे तिचे चाहतेही नाकारणार नाहीत. पण म्हणून फोटोच काढू नये, हे औषध रोगाहून वाईट. ज्यांच्या घरी कॅमेरा नव्हता त्यांच्या आयुष्याचा पुरावा मग फक्त कोर्टाच्या कागदांत उरतो.

फोटोत झीज येऊ दे, पण ती कुणाच्या वापरानं झाली तेही त्यातच दिसायला हवं. कॅरियरला बांधलेली ट्यूब, हँडलला अडकवलेला डबा, सीटवर घातलेली प्लॅस्टिकची पिशवी. या खुणा मालकानं केलेल्या असतात. त्या टिपायच्या तर चार प्रश्न विचारावे लागतात, आणि प्रश्न विचारले की हमालाला नाव मिळतं. आत्या अलीकडे तेच करते. आधी बोलते, मग कॅमेरा काढते. त्यामुळे तिचे फोटो कमी झाले आणि भाच्याला त्यांतले काही पटू लागले.

भिंतींचीही तीच गोष्ट. बडा गणपतीपासून कृष्णपुऱ्याकडे येणारा रस्ता काही वर्षांपूर्वी रुंद केला, तेव्हा दोन्ही बाजूंच्या घरांचे पुढचे भाग कापले गेले. नक्षीदार लाकडी तीर आणि झरोके उतरले आणि पिढ्यान्‌पिढ्या आत असलेल्या भिंती रस्त्यावर आल्या. एका मजल्यावर पोपटी रंगाचं स्वयंपाकघर, त्यात कोनाडा. वरच्या मजल्यावर देवघराची गुलाबी चौकट. घर उभं चिरून दाखवलेला नकाशा आर्किटेक्चरचे विद्यार्थी कागदावर काढतात. इथे तो विटांमध्ये उभा होता. भाच्यानं तेव्हा पहिल्यांदा स्वतःहून आत्याला फोन करून बोलावलं. काही महिन्यांत सगळ्याला गिलावा झाला, नवी शटरं लागली. स्वच्छतेत 2017 पासून सतत देशात अव्वल येणाऱ्या या शहरात काही फार दिवस उघडं पडून राहत नाही. सार्वजनिक भिंती रंगवून तयार, त्यांवर चित्रं, घोषवाक्यं. शहराला हे भूषणावहच आहे. फोटोग्राफरची कुरकुर एवढीच की आता भिंतीच आधीपासून चित्र होऊन बसल्या आहेत.

शहर रुंद करायचं की जपायचं, हा वाद इंदुरात नवा नाही. पॅट्रिक गेडीस हा स्कॉटिश नगररचनाकार होळकर दरबारानं बोलावला आणि 1918 मध्ये त्याचा दोन खंडी अहवाल निघाला. जुनी वस्ती सरसकट पाडू नका, गल्लीगल्लीत फिरा, धोकादायक तेवढं काढा, बाकीचं दुरुस्त करा, हा त्याचा आग्रह होता. प्लेगच्या त्या दिवसांत त्यानं 1917 च्या दिवाळीत मिरवणूक काढली आणि जाहीर केलं की मिरवणूक नेहमीच्या मार्गानं जाणार नाही. ज्या भागात लोकांनी घरं जास्त स्वच्छ आणि दुरुस्त केली असतील तिथून जाईल. आजच्या स्वच्छता स्पर्धेचे पणजोबा म्हणायला हरकत नाही. गेडीसला दोघंही आपलाच मानतात. भाचा म्हणतो, त्यानं आधी पाहणी केली. आत्या म्हणते, पायी केली.

माणिकबागेपाशी मात्र आत्याची पंचाईत होते. यशवंतराव होळकर दुसरे आणि त्यांचा ऑक्सफर्डच्या दिवसांतला जर्मन मित्र एकार्ट मुथेसियस या दोन तरुणांनी 1930 पासून उभारलेला हा वाडा त्या काळी जगातल्या अगदी आधुनिक घरांपैकी एक होता. यशवंतराव आणि महाराणी संयोगिताराजे यांचे फोटो मॅन रेसारख्या कलावंतानं काढले. शिल्पकार ब्रांकुशीचे पक्षी इंदूरसाठी घेतले गेले. त्या पक्ष्यांसाठी योजलेलं ध्यानमंदिर बांधलंच गेलं नाही. मुथेसियसनं घेतलेले वाड्याचे फोटो पाहताना आत्याही गप्प होते. त्यांत एक खुर्ची इकडची तिकडे नाही, माणूस तर नाहीच, आणि तरी ते सुंदर आहेत. "बघ," भाचा म्हणतो, "कुणीही न वापरलेली गोष्टसुद्धा सुंदर असू शकते." आज तिथे केंद्रीय कर खात्याचं कार्यालय आहे. वापर भरपूर, फायली भरपूर. सौंदर्य शोधायला परवानगी लागेल.

भाच्याचं खरं उत्तर मात्र माणिकबागेत नव्हतं. ते ए.बी. रोडजवळच्या 'अरण्य' वसाहतीत होतं आणि तिथे त्यानं आत्याला मुद्दाम नेलं. इंदूर विकास प्राधिकरणासाठी बाळकृष्ण दोशींनी 1980 च्या दशकात आखलेली ही वसाहत. साडेसहा हजारांवर भूखंड, त्यांतले बहुतेक अगदी कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी. घर बांधून द्यायचं नाही. जोतं, न्हाणीघर-संडासाची सोय, जमलं तर एक खोली द्यायची आणि पुढचं ज्यानं त्यानं ऐपतीप्रमाणे वाढवायचं. काय काय करता येईल ते दिसावं म्हणून नमुन्याची 80 घरं दोशींनी स्वतः रचली. ओटे, रस्त्यावर उतरणारे जिने, छोटे सज्जे. 1995 मध्ये या वसाहतीला आगा खान पुरस्कार मिळाला. 2018 मध्ये दोशींना प्रित्झकर मिळाला तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी पुन्हा अरण्यचे फोटो छापले, बहुतेक त्याच 80 घरांचे.

आज ती घरं ओळखायला नजर लागते. मजले चढले, सज्जे बंद झाले, टाइल्स लागल्या, स्टीलचे कठडे आले. जुन्या फोटोंवर प्रेम करणारे आर्किटेक्ट इथे येऊन हळहळतात. भाचा त्यांतला नाही. त्यानं आत्याला एका बाहेरच्या जिन्यापाशी उभं केलं. जिन्याखालच्या त्रिकोणी जागेत सायकल उभी होती, तिच्यावर वाळत घातलेला टॉवेल, आणि त्याच जागेला घरमालकानं नंतर जाळीचं दार बसवलेलं.

"दोशींनी जिना दिला," तो म्हणाला. "सायकलची खोली यांनी केली. तू ज्याला सौंदर्य म्हणतेस ते मला इथे दिसतं, मोडक्यात नाही. कुणीतरी आणखी काही बांधलंय."

आत्यानं त्या घरच्या बाईंना विचारलं, नाव लिहून घेतलं, फोटो काढला. सरळ समोरून, उभ्या रेषा उभ्या ठेवून. आणि मग म्हणाली, "पण टाइल्स भयंकर आहेत रे." त्यावर पुढचा अर्धा तास गेला.

या शहराला अशी नजर नवी नाही. वाळकी पानं, बिया, काटक्या, टाकून दिलेल्या वस्तू यांतून चित्रं उभी करणारे विष्णू चिंचाळकर गुरुजी इथलेच. पंढरपुरात जन्मलेले चित्रकार एम. एफ. हुसेन वाढले इंदुरात आणि 1967 मध्ये त्यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी जो लघुपट केला त्यात राजस्थानातल्या साध्या छत्री, कंदील, जोडा यांनाच नटासारखं वागवलं. बर्लिनच्या महोत्सवात त्याला गोल्डन बेअर मिळालं. आत्या हे दाखले देते तेव्हा भाचा म्हणतो, ते चित्रकार होते, त्यांना मूळ वस्तू बाजूला ठेवायची मुभा होती. फोटोग्राफरला ती नाही. हा मुद्दा आत्याला अजून खोडता आलेला नाही.

दोघांचं एकमत झालंय ते फक्त फोटोच्या मागच्या बाजूवर. आत्या आता प्रत्येक फोटोला तारीख, बाखलीचं किंवा रस्त्याचं नाव, सायकल कुणाची आणि तो काय काम करतो एवढं जोडते. भाचा त्यात दिशा आणि इमारतीचं माप घालतो. तुमच्या घरच्या अल्बमात आजोबांचा गिरणीच्या फाटकाबाहेरचा, लग्नात मिळालेल्या सायकलीशेजारचा किंवा वाड्याच्या ओट्यावरचा फोटो असेल, तर ज्यांना आठवतंय ते घरात आहेत तोवर त्यांच्याकडून नाव, जागा आणि साल विचारून घ्या आणि मऊ पेन्सिलीनं मागे लिहा. बॉलपेननं नको, त्याचा वळ पुढे उमटतो. मग सहाशे डीपीआयवर स्कॅन करून एक प्रत घराबाहेर, दुसऱ्या कुणाकडे तरी ठेवा. आणि उद्या कुणाच्या सायकलीचा नवा फोटो काढणार असाल तर त्याला विचारून काढा आणि एक छापील प्रत त्याच्या हातात द्या.